फोटोतील सावळा वर्ण ‘दुरुस्त’ करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने लागली की गावोगावच्या स्टुडिओंत आणि कलर लॅबमध्ये अल्बमची कामे रात्रंदिवस सुरू होतात. या दिवसांत छायाचित्रकार, लॅबचालक आणि ग्राहक या तिघांपुढेही एक गोष्ट मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. छापून हातात येणाऱ्या फोटोंत माणसाचा वर्ण खरा येत नाही; तो उजळ, गुलाबी आणि सपाट होऊन येतो, आणि आपण सर्वांनी ते मुकाट्याने चालवून घेतले आहे.

मी सांगलीतील एका कलर लॅबमध्ये १९ वर्षे प्रिंट काढण्याचे काम केले आहे. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा दिवसकार्याआधी तसबीर हवी म्हणून तिचा फोटो एका दुकानात मोठा करायला दिला. हाती आलेल्या प्रिंटमध्ये शेतात राबून रापलेला तिचा सावळा चेहरा गुलाबी-गोरा झाला होता आणि कपाळावरच्या सुरकुत्या पार पुसल्या गेल्या होत्या. विचारल्यावर उत्तर मिळाले, “काका, सगळेच फोटो आम्ही थोडे फेअर करून देतो.” उत्तर देणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते, ग्राहकाला हेच हवे असते, असे त्याला शिकवलेले होते. मात्र ती तसबीर भिंतीवर लावायला माझा हात धजला नाही.

हे असे का होते, ते थोडे सांगतो. सावळ्या कातडीच्या प्रिंटमध्ये मजेंटापेक्षा, म्हणजे किरमिजी-गुलाबी रंगापेक्षा, पिवळा थोडा जास्त असतो आणि त्यात निळसर सायनचाही पुरेसा अंश असतो. चेहरा गोरा करण्यासाठी पिवळा आणि सायन कमी केले की मजेंटा तेवढा उघडा पडतो आणि माणूस गुलाबी दिसू लागतो. त्यावर डेन्सिटी, म्हणजे प्रिंटचा गडदपणाही उतरवला, तर नाक, कपाळ आणि गालांवरचा प्रकाश कोरा पांढरा होतो. सावळ्या चेहऱ्याची ठेवण डोळ्याला कळते ती याच प्रकाशाच्या चढउतारांवरून, त्यामुळे रंगाबरोबर चेहऱ्याची ओळखही जाते.

दुसरा दोष यंत्रावर विसंबण्याचा आहे. आपोआप रंग सुधारण्याच्या जुन्या पद्धतीचा आधार असा, की कोणत्याही दृश्यातील सगळे रंग एकत्र मिसळले तर सरासरी करडी यावी. हळदीच्या समारंभात सगळे पिवळेच पिवळे असते. त्या पिवळ्याला दोष समजून यंत्र निळा वाढवते आणि नवरीचा चेहरा निस्तेज, निळसर पडतो. त्याचप्रमाणे सावळ्या चेहऱ्याने चौकट भरली असेल, तर फोटोला प्रकाश कमी पडला आहे असे समजून यंत्र तो उजळवते. हा पूर्वग्रह या धंद्यात जुनाच आहे. कोडॅकने छपाईचे रंग जुळवण्यासाठी लॅबना पुरवलेली ‘शर्ली कार्डे’ कित्येक दशके गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्राची होती. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९०च्या दशकात आले. ज्या कार्डावर आपला चेहराच नव्हता, त्यावरून जुळवलेले रंग आपल्या घरांतल्या माणसांना कसे मानवावेत?

उपाय मात्र महाग नाहीत. मंडपातल्या रंगीत दिव्यांखाली छायाचित्रकाराने आरंभी एक फोटो १८ टक्क्यांच्या ग्रे कार्डाचा (प्रमाण करड्या रंगाच्या पुठ्ठ्याचा) घ्यावा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा असा रंगांचा तोल, ठरवावा. (पांढरे धोतर किंवा टोपी प्रमाण मानू नये, त्यात नीळ असते.) लॅबला फाइल एसआरजीबी प्रोफाइलसह (रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणाऱ्या नोंदीसह) द्यावी; अॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल यंत्राने एसआरजीबी समजून छापली, तर कातडी मळकट आणि फिकी दिसते. लॅबमधल्या स्क्रीनचा प्रकाशही मर्यादेत हवा. भगभगीत स्क्रीनवर चेहरा उजळ दिसतो, प्रिंट त्यामानाने काळपट वाटते आणि मग अंदाजाने डेन्सिटी उतरवण्याचा खेळ सुरू होतो. प्रिंट पाहण्यासाठी छपाईच्या व्यवसायात ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, प्रकाश प्रमाण मानतात. तो नसेल तर दुकानाच्या दारात, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात यावे, कारण स्वस्त एलईडी दिव्यांत लाल रंग अपुरा असतो आणि त्यांच्याखाली चांगली प्रिंटसुद्धा निर्जीव दिसते.

ग्राहकांनीही फोटो व्हॉट्सअॅपवर साधा न पाठवता मूळ फाइल पेन ड्राइव्हमधून द्यावी, मोबाइलमधला ब्यूटी मोड बंद ठेवावा, आणि मोठी प्रिंट काढण्यापूर्वी ४ बाय ६ इंचांची एक चाचणी प्रिंट मागून घ्यावी. लॅबचालकांना माझी कळकळीची विनंती एवढीच आहे, की वर्ण उजळण्यापूर्वी ग्राहकाला विचारा. ज्याला उजळ फोटो हवा असेल, तो तसे सांगेल. न सांगता केलेला बदल मात्र त्या माणसाच्या चेहऱ्यात दोष होता असे ठरवून केलेला असतो. नवऱ्यामुलीच्या हाती वर्षानुवर्षे राहणाऱ्या अल्बममधून तिला असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आईचा फोटो मी अखेर ओळखीच्या एका लॅबमध्ये पुन्हा छापून घेतला. फोटोत तिने नेसलेली तीच हिरवी इरकली साडी सोबत नेली होती. आईचा वर्ण माझ्यात उतरला आहे, म्हणून प्रत्येक चाचणी प्रिंट बाहेर उजेडात आणून शेजारी साडी आणि माझे मनगट धरून पाहिले. चौथ्या प्रिंटला, पिवळा थोडा आणि डेन्सिटी बरीच वाढवल्यावर, साडी जुळली, मनगट जुळले आणि कपाळावरच्या सुरकुत्याही परत आल्या.

आपला,
एक निवृत्त कलर लॅब तंत्रज्ञ, सांगली