होम्सला रंकाळ्यावर कशाला आणता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शेरलॉक होम्सची एक नवी कथा आली. 1889 च्या पावसाळ्यात होम्स आणि त्याच्या कथा सांगणारा मित्र डॉ. वॉटसन आगगाडीनं कोल्हापूर स्टेशनात उतरतात, अशी तिची सुरुवात. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 मध्ये. त्याआधी मिरजेला उतरायचं आणि पुढचे तीसेक मैल बैलगाडीनं नाहीतर टांग्यानं यायचं. रेल्वेची चूक एकवेळ पोटात घालता येईल. जाणत्या वाचकाला खटकते ती वेगळीच गोष्ट : त्या पावसाळ्यात वॉटसन लंडन सोडूच शकत नाही. मूळ कथांनुसार 1889 च्या जूनमध्ये तो अफूच्या अड्ड्यातून एका ओळखीच्या माणसाला बाहेर काढतोय. त्याच उन्हाळ्यात अंगठा तुटलेला एक इंजिनिअर त्याच्याकडे मलमपट्टीला येतो. नुकतंच लग्न झालंय, दवाखाना थाटलाय. सुएझमार्गे आगबोटीनं मुंबई गाठायलाच तीनेक आठवडे लागायचे. जाऊन येऊन दोन महिने पेशंट कोणी बघायचे?

पुढे होम्स पेल्यावरचे बोटांचे ठसे पोलिसांच्या दप्तराशी ताडून चोर पकडतो. कलकत्त्याचा ठसे-विभाग निघाला 1897 मध्ये, स्कॉटलंड यार्डचा 1901 मध्ये. दरबारात तो कानपट्ट्यांची टोपी घालून बसलाय. ती टोपी सिडने पॅजेटच्या चित्रांतली आणि तीही प्रवासातली. शहरात होम्स उंच हॅट घालायचा. वाकडा पाइप तर रंगभूमीवरून आला, विल्यम जिलेटच्या 1899 च्या नाटकातून. आणि ‘अगदी सोपं आहे, माझ्या प्रिय वॉटसन’ हे वाक्य होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या साठही कथांत जसंच्या तसं कुठंही नाही. शिवाय मराठीत मित्राला ‘माझ्या प्रिय’ कोण म्हणतं?

दुसऱ्याच्या नायकावर नवी कथा लिहू नये, असं अजिबात म्हणायचं नाही. 4 कादंबऱ्या आणि 56 लघुकथांत डॉयलनी मुद्दाम दारं उघडी ठेवली आहेत. वॉटसन जाता जाता कधीच न लिहिलेल्या प्रकरणांचा उल्लेख करतो. छत्री आणायला घरात परत गेलेला आणि पुन्हा कधीच न दिसलेला जेम्स फिलिमोर, सुमात्राचा महाकाय उंदीर, त्रिंकोमालीच्या अ‍ॅटकिन्सन बंधूंची शोकांतिका. या प्रकरणांची टिपणं एका बँकेच्या तळघरात पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत, हेही तोच सांगतो. डॉयल यांचा मुलगा एड्रियन आणि जॉन डिक्सन कार यांनी अशाच उल्लेखांवर रचलेल्या 12 कथा 1954 मध्ये पुस्तकात आल्या. मूळ कथेतला एका ओळीचा उल्लेख घ्यायचा, त्याला धक्का न लावता आतली पोकळी भरायची, ही रीत जुनीच आहे. आपल्याकडच्या कथांत नेमकं उलटं होतं. पोकळी शोधायची सोडून भरलेल्या भिंतीला भोक पाडतात.

लिहायला बसण्याआधी तारखांची एक वही करावी. होम्सचा व्यवसाय 23 वर्षांचा, त्यात वॉटसनची सोबत 17 वर्षं. 4 मे 1891 ला होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात पडल्याचं जग मानतं आणि 1894 च्या वसंतापर्यंत तो लंडनमध्ये नसतो. होम्सचा वैरी प्रा. मोरिआर्टी समोरासमोर येतो तो एकाच कथेत, त्याला चकवणारी आयरीन अ‍ॅडलरही एकाच कथेत. नव्या लेखकांनी या दोघांना इतकं राबवलंय की आता त्यांना पेन्शन द्यावी. खुनाचाही असाच हव्यास. पहिल्या संग्रहातल्या 12 कथांपैकी निम्म्याहून जास्त कथांत खून नाही. हरवलेला नवरदेव, नाताळच्या हंसाच्या पोटात सापडलेलं निळं रत्न, लाल केसवाल्यांची खोटी नोकरी, एवढ्यावर कथा उभी राहते.

डॉयलच्या चुका मात्र उचलू नयेत. त्यांच्या गाजलेल्या सापाच्या कथेत हिंदुस्थानातला ‘सर्वांत जहरी’ दलदलीतला साप शिट्टी ऐकून दोरीवरून परत येतो, बशीतलं दूध पितो आणि माणसाला दहा सेकंदांत मारतो. बत्तीस शिराळ्यात ही कथा वाचून दाखवली तर लोक हसतील. साप दुधावर जगत नाही. नाग चावो, मण्यार चावो नाहीतर घोणस, दहा सेकंदांत माणूस मरत नाही. त्या काळात ते खपलं, आज खपणार नाही.

सगळ्यात जास्त कथा फसतात त्या अनुमानात. पाहुणा दारात येतो आणि होम्स त्याचं गाव, धंदा, बायकोचं माहेर सांगून मोकळा होतो. खुणा मात्र लेखक नंतर सांगतो. लिहिताना उलटीकडून यावं लागतं : आधी निष्कर्ष ठरवायचा, मग त्याच्या तीन खुणा शोधायच्या, आणि त्या तिन्ही वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी ठेवायच्या. समजा, कोल्हापूरचाच एखादा नवा गुप्तहेर आहे आणि समोरचा माणूस गुऱ्हाळावरचा आहे, हे त्याला ओळखायचंय. अंगाला गोडूस वास, नखांत काळं, एवढ्यावर भागत नाही, कारण गुऱ्हाळावर गुळव्याही असतो आणि जळव्याही. जळव्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारतो, त्याच्या नडग्या झळीनं करपलेल्या असतात. गुळव्या काहिलीवर उभा असतो, त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत उकळत्या रसाच्या शिंतोड्यांचे डाग, काही जुने पांढरे, काही ताजे. ‘तुम्ही गुऱ्हाळावर असता’ इथवर कोणीही येईल. ‘तुम्ही गुळव्या आहात, आणि यंदाचं गुऱ्हाळ आठवड्यापूर्वीच लागलंय’ असं म्हणायला ताजा डाग लागतो. त्यातही महिना पाहायला हवा. आषाढात, गुऱ्हाळं बंद असताना, ताजा डाग दाखवला की कथा तिथंच कोसळली.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं लेखनाचा हक्क (कॉपीराइट) वारसांकडे राहतो. डॉयल 1930 मध्ये गेले, म्हणजे होम्स इथं केव्हाच मोकळा झाला. अमेरिकेत शेवटच्या कथा 1 जानेवारी 2023 ला मोकळ्या झाल्या, ई-बुक तिकडे विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अगाथा ख्रिस्तीच्या पोइरोला 2036 अखेर, शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेशला 2030 अखेर, सत्यजित राय यांच्या फेलूदाला 2052 अखेरपर्यंत वारसांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आपला फास्टर फेणेही त्यातच. आणि होम्स मोकळा झाला म्हणून त्याचा मराठी अनुवाद मोकळा झाला असं नाही; अनुवादकाचा हक्क वेगळा. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ या टीव्ही मालिकेतला ‘मनाचा महाल’ आणि शवागारातली मॉली ही तर मालिकावाल्यांची मिळकत. डॉयलच्या होम्सनं मेंदूला महाल नव्हे, माळा म्हटलंय : नको ते सामान भरलं की हवं ते सापडत नाही.

भाषेबद्दल एकच. वॉटसन त्याला कधी ‘शेरलॉक’ म्हणत नाही, ‘होम्स’च म्हणतो. मराठीत पहिल्या भेटीत दोघंही ‘तुम्ही’, पुढे एका छपराखाली वर्षं गेल्यावर ‘तू’. हा बदल कोणत्या प्रसंगात होतो ते लेखकानं ठरवावं आणि मग मोडू नये. पुरवणीतल्या कथेत एकाच पानावर दोन्ही आहेत. पोलिस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला मात्र होम्स कितीही टोमणे मारो, ‘अहो’च.

आता कोल्हापूरचा मुद्दा. होम्सला रंकाळ्यावर आणायची गरजच नाही, कारण त्याच्या मूळ वाटेवर कोल्हापूर आधीच आहे. धबधब्यातून वाचल्यावर आठवड्याभरात आपण फ्लॉरेन्सला पोचलो, असं तो स्वतः सांगतो. म्हणजे 1891 चा मे. तिथं काय केलं, त्यावर अक्षर नाही. त्याच फ्लॉरेन्समध्ये आपले छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला वारले, वय अवघं 20. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि 1874 मध्ये तिथं स्मारकाची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही त्याचाच. होम्स गावात आला तेव्हा छत्री 17 वर्षांची होती. कोल्हापूरच्या लेखकाला यापेक्षा मोठी पोकळी कुठं मिळणार? पाठलागालाही माणूस तयार आहे : धबधब्यावर होम्सवर दगड ढकलणारा कर्नल मोरान, पूर्वीचा बंगळूर पायोनियर्स पलटणीतला शिकारी, हिंदुस्थानची खडान्‌खडा माहिती असलेला.

अडचण निवेदकाची येईल. वॉटसन तिथं नाही, त्याच्या लेखी होम्स मेलेला आहे. होम्सनं स्वतः सांगितलेल्या दोन कथा मूळ साठांत आहेत, तो मार्ग खुला. नाहीतर 1894 च्या एप्रिलनंतर बेकर स्ट्रीटवरच्या होम्सच्या घरी, सतरा पायऱ्या चढून आलेल्या वॉटसनला तो हे सांगेल. ज्या खुनामुळे होम्स लंडनला परतला, तो रोनाल्ड अडेअरचा खून 30 मार्च 1894 चा. तीनच दिवसांनी, 2 एप्रिलला, इथं शाहू महाराजांच्या हाती राज्याधिकार आले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचता वाचता होम्सला फ्लॉरेन्सची छत्री आठवली, तर ते ओढूनताणून वाटणार नाही. लंडनच्या पत्रात ती किती दिवसांनी छापून येईल, तेवढं मात्र तारखांच्या वहीत आधी बघून घ्यावं.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर