ठिपके गेले तरी थांबू नकोस

नाशिक,
९ डिसेंबर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. एंजल माशाच्या परांवर आणि शेपटीवर ‘कुणी रवा भुरभुरल्यासारखं’ दिसतंय असं वहिनी म्हणाल्या ना? त्यांनी दुकानदारापेक्षा चांगलं निदान केलंय. वेगळे मोजता येतील असे पांढरे दाणे, मासा दगडाला अंग घासतोय, म्हणजे व्हाइट स्पॉट. आपले पाळणारे त्याला ‘इच’ म्हणतात. हळदीची पूड उडाल्यासारखी बारीक सोनेरी धूळ असती तर तो वेगळा रोग, तेव्हा टॉर्च तिरका धरून एकदा बघून घे.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तू ती करणार नाहीस. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सहा निऑन टेट्रा मासे आणले आणि पिशवी तरंगवून तासाभरात थेट टाकीत सोडले. चौथ्या दिवशी ठिपके. औषध टाकलं, तिसऱ्या दिवशी सगळे मासे लख्ख! मी खूश. पाणी बदललं, फिल्टरमध्ये कार्बन, म्हणजे कोळसा, परत घातला, औषधाची बाटली कपाटात गेली. आठव्या दिवशी सकाळी बघतो तर एंजल नाकापासून शेपटीपर्यंत पांढरा, वर येऊन धापा टाकतोय. तो गेला, आणि तीन टेट्राही. रोग कल्ल्यांत शिरला होता, आणि तिथले ठिपके आपल्याला दिसत नाहीत.

झालं काय होतं? ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली खाऊन-पिऊन वाढणारा एकपेशीय जीव. कातडीच त्याची चादर, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो स्वतःच गळून तळाच्या वाळूत चिकटतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत दुभंगत जातो. एकाची शेकडो पिल्लं. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात, आणि दोनेक दिवसांत सापडला नाही तर मरतात. मीठ, औषध यांना तो मारता येतो फक्त या पोहण्याच्या वेळी. म्हणजे माझे ठिपके बरे झाले नव्हते, खाली बाळंतपणाला गेले होते. १८७६ साली त्याचं नाव ठेवणाऱ्या फ्रेंच माणसालाही हे दिसलं असणार: इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे माशाची ऊ, तीही लेकुरवाळी!

म्हणून पाणी गरम करायचं. उष्णतेने चक्र भराभर फिरतं आणि पिल्लं लवकर बाहेर येतात. २५-२६ अंशांना साधारण आठवड्याचं काम ३० ला तीन-चार दिवसांत होतं. पुण्याच्या गारठ्यात हीटर नसेल तर तेच दोन-दोन आठवडे रेंगाळतं. पण एकदम चढवू नकोस, दर काही तासांनी एक अंश. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू ठेव. वीज जाते तुमच्याकडे, बॅटरीवरचा छोटा पंप घेऊनच ठेव.

मीठ खडे मीठ, लिटरला दोन ग्रॅम. तुझी दोन फुटी टाकी, गोटे वजा जाता ५० लिटर धर, म्हणजे १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोज, ‘मूठभर’ नको. मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घाल. मॉली माशांना मीठ आवडतं, एंजल सोसतो. वनस्पती मात्र काढून ठेव, दुसऱ्या माशांच्या टाकीत नको. आणि नीट लक्षात घे: मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटलं तर साधं पाणी भर. सायफनच्या नळीने वाळूतली घाण ओढताना १० लिटर काढलंस, तर भरताना तेवढ्यापुरतं २० ग्रॅमच घाल. सायफन एक दिवसाआड कर, पिल्लांची पाळणाघरं तिथेच आहेत.

दुकानदाराने दिलेलं हिरवट-निळं औषध मॅलाकाइट ग्रीन असेल तर हातमोजे घाल. बोटं आणि टाकीचं सिलिकॉन दोन्ही रंगतात. कार्बन काढ, नाहीतर तो औषध गिळून टाकेल. दिवा बंद करून टाक, उजेडात ते लवकर निकामी होतं. पण मोजून, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दुकानदार ‘टोपणभर’ म्हणाला असेल, तर टोपणभर म्हणजे किती, हे त्याला विचारलंस का?

खाणं कमी दे. जाळी दुसऱ्या टाकीत वापरू नकोस, ओल्या जाळीतून हे हमखास जातं.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला की त्या दिवसापासून आठ दिवस मोज, तोवर मीठ आणि ३० अंश तसेच. दुधाचे खाडे लिहितोस त्याच कॅलेंडरवर लिही. मीही तसंच करतो आता. नवे मासे तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर बादलीत मुक्कामाला असतात, आणि आई रोज विचारते, ‘यांचं सोयर अजून फिटलं नाही का?’

तिथं काय होतंय ते कळव, फोटो नाही तरी चालेल, फक्त धाप लागतेय का ते लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंडू