कृषिमंत्री साहेब, काणीचा रिपोर्ट कुठंय?

मा. कृषिमंत्री साहेब, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातला ऊसवाला. रोगमुक्त म्हणून दाखला असलेली रोपं लावली, आणि खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातनं फुटलेल्या पिकात) बेटाबेटातनं काळे चाबूक वर आले. हीच काणी, ऊसाचा बुरशीचा रोग. पाहणीला आलेले साहेब नमुना घेऊन गेले, पंधरा दिवसांत रिपोर्ट देतो म्हणाले. दिवाळी झाली, कारखान्यांचे गाळप सुरू झाले, परवा फोन केला तर म्हणे नमुना सापडत नाही, परत पाठवा. वा!

चाबूक कापायचा म्हणजे सकाळी वारं नसताना पाल्यात शिरायचं, त्यावर अलगद पिशवी ओढायची, खाली गाठ मारून कापायचं, धक्का लागला की काळी भुकटी शेजारच्या सरीवर. मग बेट मुळासकट उपटून जाळायचं. मजूर मिळत नाहीत, मी आणि बायकोच. माझी कंबर गेली, तिचे हात पाल्यानं चिरलेत, सोसायटीचं कर्ज आहे तिथंच. निम्म्या शिवारात काणी आहे म्हणतात, मोजलंय कुणी?

पोरगी बायोटेक करते, तिनं सांगितलं की ही बुरशी ऊसाच्या आत राहून प्रथिनं सोडते आणि त्याची प्रतिकारशक्ती दाबते. ती प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांची कुटुंबंच असतात, एकाच जनुकाच्या कॉप्या शेजारी शेजारी. एक ऊसानं ओळखली तर बदललेली दुसरी चालते, चोराकडं किल्ल्यांचा जुडगाच म्हणा. मक्याच्या काणीचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, 2006 ला आला, त्यात अशा जनुकांचे 12 गट निघाले. काही काढल्यावर रोग मंदावला, एक काढल्यावर उलट वाढला! ऊसाची काणी तिचीच भावकी. म्हणजे कुठल्या रानात बुरशीचा कुठला प्रकार आहे हे तपासल्याशिवाय 'ही जात काणीला दाद देत नाही' म्हणण्यात काय अर्थ? उत्तर प्रदेशात को 0238 या ऊसाच्या जातीचं लाल कुज रोगानं काय केलं बघितलंत ना, आणि आपल्याकडं शिवारच्या शिवार 86032 नि 265 या दोनच जाती.

मागणं मोठं नाही. जिल्ह्यात बुरशीचा प्रकार तपासणारी लॅब द्या. बेण्याला (लागणीच्या ऊसाला) रोग मारायला 54 अंशाला 150 मिनिटं उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया खरंच होते का ते बघा, कागदावर तर सगळीकडं होते.

पण बघणार कोण? 2019 च्या महापुरात पंचनामा, 2021 ला पंचनामा, ऊसदरासाठी दरसाल रस्त्यावर आम्हीच, आणि मतं मागायला मात्र बांधावर गाड्यांची रांग. निदान रोगमुक्तच्या दाखल्यावर सही कोण करतं आणि रोग निघाला की त्याचं काय होतं, एवढं तरी जाहीर करा.

एक ऊस उत्पादक