कॅटफिशची ‘जोडी’ विकताय, मग नर कोणता ते दाखवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी भुसावळचा, घरात ६ वर्षांपासून फिश टँक आहे. गेल्या वर्षी एका दुकानातून ब्रिसलनोज कॅटफिशची जोडी घेतली, जोडी म्हणून दीडशे रुपये जास्तीचे मोजले, आणि पिल्लं होती जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. पोरगी रोज शाळेतून आली की आधी टँकपाशी जायची, अंडी दिली का बघायला. आठ महिन्यांनी दोघांच्याही नाकावर मिशा फुटल्या! नुसत्या तोंडाच्या कडेला नाही, पार कपाळापर्यंत, फांद्या फुटल्यासारख्या जाड. म्हणजे दोन्ही नर. आत ठेवलेल्या नारळाच्या करवंटीवरून मग रोज रात्री मारामारी, एकाची शेपटी फाटली तेव्हा त्याला वेगळा काढला.

साहेब, माझं म्हणणं एवढंच की त्या वयात नर-मादी कळतच नाही, दुकानदाराला पण नाही आणि मला पण नाही, मग जोडी म्हणून जास्तीचे पैसे कशाचे? मादीला मिशा येतच नाहीत किंवा तोंडाच्या कडेला बारीक बारीक येतात, पण हे दिसायला मासा निदान अडीच-तीन इंचाचा व्हावा लागतो. आणि अंडी सांभाळतो तो नर, करवंटीत बसून पंखाने वारा घालत राहतो, त्यामुळे दोन नर एका बिळात नांदतच नाहीत.

कोरीडोरास म्हणून दुसरा एक छोटा कॅटफिश मिळतो, त्याचं वेगळं आहे. त्याला मिशा नर-मादी दोघांना सारख्याच, म्हणून मिशा बघून काही उपयोग नाही. तो वरून बघायचा. दुकानात सगळे समोरून काचेतून बघतात तिथेच चुकतं. वरून बघितलं की मादी कल्ल्यांच्या मागे चांगली रुंद, अंगाने पण मोठी, आणि नर सडपातळ. पण हे पण मोठ्या माशातच, आणि भरपूर खाल्लेला नर पण गोल दिसतो हे लक्षात ठेवा. मी तर म्हणतो कोरीची जोडी मागूच नका, तो घोळक्याने राहणारा मासा आहे, सरळ सहा घ्या, त्यात नर-मादी दोन्ही निघायची शक्यता भरपूर. माझ्याकडे सहात चार माद्या निघाल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टँकमध्ये बर्फाची बाटली सोडून सोडून त्यांना कसंबसं जगवलं, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा गार झाली, मी दोन बादल्या थोडं गार पाणी बदललं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर साबुदाण्यापेक्षा बारीक अंडी चिकटलेली! पोरगी त्या दिवशी शाळेत जायला तयार नव्हती.

जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या दुकानदार भाऊंना हात जोडून विनंती आहे, लहान पिल्लांच्या टँकवर ‘नर-मादी ठरलेली नाही’ एवढी चिठ्ठी लावा आणि सुट्ट्या माशाचाच भाव घ्या.

— एक वाचक, भुसावळ