चंद्रीला ऊन लागलं नव्हतं

पंचवटी, नाशिक
१४ जून

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आपल्या चंद्री गाईने सकाळी मूठभर घास खाल्ला हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता थोडं रागावते. ताप १०६, आणि तुम्ही 'ऊन लागलंय' म्हणत ओलं गोणपाट टाकत बसलात! त्यात कुणीतरी तापाचं इंजेक्शन टोचून गेलं. ताप उतरला, रक्तातला जंतू तसाच राहिला. दोन दिवस फुकट गेले.

मंगळवारी मी खांद्यापुढे हात फिरवला, तर गाठ चांगली लिंबाएवढी लागली. खालची पापणी ओढली, आत लाली नाहीच, नुसता पांढुरकेपणा. कानात गोचिडांची रांग. बाबा, हे तिन्ही एकत्र दिसलं की गोचीड तापच आधी मनात आणायचा. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून थेंब घेऊन केलेली काचपट्टी मी तुमच्या चष्म्याच्या डबीत घालून एस.टी.ने आणली. सूक्ष्मदर्शकात मीही डोकावले: तांबड्या पेशींत जांभळे ठिपके, काही अंगठीसारखे, काही स्वल्पविरामासारखे. थायलेरिया, म्हणजे गोचीड तापाचा जंतू.

म्हणून त्यावरचं बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन, मानेत खोल. लवकर दिलं तरच ते खरं लागू पडतं. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसिया या गोचिडांमुळेच होणाऱ्या दुसऱ्या रोगाचा संशय धरायचा, त्याचं औषध निराळं. तेव्हा उरलेलं हेच टोचू नका. दूध डेअरीला कधी घालायचं ते डॉक्टरांना विचारा.

आजोबांच्या डांगी गाई गोचीड अंगावर घेऊन घोटीच्या बाजारापर्यंत चालत जायच्या, हे बाबांचं म्हणणं मान्य. पण चंद्री संकरित आहे, देशी गाई जे निभावून नेतात ते हिला झेपत नाही. आणि नुसतं तिच्या अंगावर औषध मारून भागायचं नाही. गोठ्याच्या भिंतीला त्या भेगा आहेत ना, गोचिडांचं घर तिथे आहे. त्या बुजवा.

आई, तू गोचीड नखाने चिरडतेस ते आजपासून बंद. थायलेरिया माणसाला होत नाही, पण याच जातीच्या गोचिडांतून काँगो ताप होतो. २०११ मध्ये गुजरातेत त्याने माणसं गेली. हातमोजे घाल, चिमट्याने काढ.

पाडीचा ताप रोज संध्याकाळी बघा. १०३ च्या वर गेला तर मला नंतर, डॉक्टरांना आधी फोन.

चष्म्याची डबी माझ्याकडेच राहिली. रविवारी आणते.

तुमची लेक