एक कॉम्प्युटर, चार लिप्या

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

नव्या कॉम्प्युटरवर आता घरातल्या सगळ्यांचीच बोटं फिरणार. तुम्ही दोघं मराठीत, वहिनी तमिळमध्ये, वरच्या खोलीत राहणारे सर उर्दूत आणि भाचा जर्मनमध्ये. बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "एकच खातं ठेवू, ज्याला जी भाषा हवी ती त्यानं लावून घ्यावी." तेवढं मात्र करू नका. विंडोजची दिसणारी भाषा बदलली की दर वेळी साइन आउट करून परत आत यावं लागतं. शिवाय उर्दू निवडली की नुसते शब्द बदलत नाहीत, सगळी मांडणीच उजवीकडून डावीकडे फिरते. खिडकी बंद करायची फुली डाव्या कोपऱ्यात जाते. सर काम करून उठले आणि आई बसली, तर तिला वाटेल कॉम्प्युटर बिघडला.

म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं. मेनू कुठल्या भाषेत दिसतात, टाइप कुठल्या लिपीत होतं आणि तारीख-आकडे कसे लिहिले जातात, या तिन्ही गोष्टी विंडोज खात्यागणिक वेगवेगळ्या लक्षात ठेवतं. आणि त्या एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे विसरू नका. मेनू इंग्रजी, टायपिंग मराठी, असं बिनधास्त चालतं. बाबांना तसंच बरं पडेल.

सुरुवात करण्याआधी एक तपासा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, त्यात सगळ्यात खाली ‘अबाउट’. तिथे ‘एडिशन’पुढे ‘होम सिंगल लँग्वेज’ लिहिलं असेल, तर त्या परवान्यात मेनूंची भाषा एकच मिळते. ती खात्यागणिक बदलता येत नाही. टायपिंगच्या भाषा मात्र कितीही जोडता येतात, त्यामुळे गाडी अगदीच अडत नाही. नुसतं ‘होम’ किंवा ‘प्रो’ असेल तर पुढचं सगळं जमेल.

आता क्रम. हा उलटा झाला की नंतर निस्तरत बसावं लागतं. पहिलं खातं, म्हणजे ज्यातून कॉम्प्युटर सुरू केलात ते, ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं. ते इंग्रजीतच राहू द्या आणि रोजच्या कामाला वापरू नका. त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडा. कीबोर्डांच्या (म्हणजे कळांच्या मांडण्यांच्या) यादीत एकच इंग्रजी कीबोर्ड ठेवा, बाकीचे काढून टाका. त्याच पानाच्या तळाशी ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ आहे. त्यातलं ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा, खालच्या दोन्ही चौकोनांत खूण करा (एक लॉगिनच्या स्क्रीनसाठी, दुसरी पुढे उघडल्या जाणाऱ्या खात्यांसाठी) आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मग कधीच न जोडलेला एखादा कीबोर्ड यादीत डोकावत राहतो, काढला तरी परत येतो. तो येतो लॉगिनच्या स्क्रीनवरून, कारण तिथली यादी वेगळी असते.

हे झाल्यावर खाती. ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’, ‘ॲड अकाउंट’. ईमेल विचारेल. तिथे त्या व्यक्तीची माहिती नसल्याचा पर्याय घ्या आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा. नाव मात्र इंग्रजी अक्षरांत, एका शब्दात आणि छोटं द्या. आई, तुला तुझं नाव देवनागरीत हवंय, ते मिळेल, पण नंतर. पहिल्यांदा दिलेल्या नावाचंच फोल्डर सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’मध्ये तयार होतं, आणि खात्याचं नाव पुढे बदललं तरी त्या फोल्डरचं बदलत नाही. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच संकेत-पद्धत) न समजणारे जुने प्रोग्रॅम अशा देवनागरी फोल्डरच्या जागी प्रश्नचिन्हं वाचतात आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बंद पडतात. त्यांना एका वेळी एकच जुना संकेत-तक्ता कळतो, आणि मराठीसाठी विंडोजमध्ये असा तक्ता कधी नव्हताच. मराठी तिथे आली तीच युनिकोडमधून. म्हणून आधी इंग्रजी नावानं खातं उघडायचं, एकदा त्यात लॉगिन करायचं म्हणजे फोल्डर तयार होतं, आणि मग ‘कंट्रोल पॅनल’मधल्या ‘यूजर अकाउंट्स’मधून नाव ‘आई’ करून टाकायचं.

ही सगळी खाती ‘स्टँडर्ड’, म्हणजे मर्यादित अधिकारांची, राहू द्या. भाचा कुरकुर करेल. करू दे.

मग ज्यानं त्यानं आपापल्या खात्यात जाऊन ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये ‘ॲड अ लँग्वेज’ करायचं. इंटरनेट चालू हवं. मराठी निवडल्यावर बऱ्याच चौकोनांत खुणा असतात. ‘लँग्वेज पॅक’ पुरे, हस्ताक्षर वगैरे काढलं तरी चालेल. ‘विंडोज डिस्प्ले लँग्वेज म्हणून ठेवा’ अशा अर्थाचा चौकोन आईच्या खात्यात लावा, बाबांच्या खात्यात काढा. साइन आउट केल्याशिवाय बदल दिसणार नाही. आणि आई, मराठी विंडोजमध्ये मधूनच एखादी खिडकी इंग्रजीत उघडली तर घाबरू नकोस. मराठीचं भाषांतर सगळ्या वाक्यांचं झालेलं नाही, जे राहिलंय ते इंग्रजीत दिसतं. वहिनीच्या तमिळचंही तेच. जर्मन मात्र पूर्ण आहे.

आता टायपिंग. मराठी जोडली की सोबत इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या मांडणीचा, कीबोर्ड येतो. इंग्रजी अक्षरांतून ‘नमस्कार’ लिहून देवनागरी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड हवा असेल, तर मराठीपुढच्या तीन ठिपक्यांत ‘लँग्वेज ऑप्शन्स’, तिथे ‘ॲड अ कीबोर्ड’. बाबांना इंग्रजी टायपिंगची सवय आहे, त्यांनी फोनेटिक घ्यावा. आईनं मात्र इनस्क्रिप्टच शिकावा असं मला मनापासून वाटतं, कारण तो पाठ करायचा नसतो, समजून घ्यायचा असतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरून ख. ‘आय’वर ग, शिफ्टनं घ. ‘एल’वर त, शिफ्टनं थ. पाय मोडायला ‘डी’. जोडाक्षर म्हणजे पहिलं व्यंजन, ‘डी’, दुसरं व्यंजन, अगदी उच्चाराच्या क्रमानं. पहिली वेलांटीसुद्धा (‘एफ’ची कळ) व्यंजनानंतरच दाबायची, दिसते आधी तरी. ‘कि’ लिहायला आधी ‘के’, मग ‘एफ’.

आपल्या मराठीची खरी परीक्षा असते अर्ध्या ऱ्याची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. फोनवर टाइप करताना लोक सर्रास एकाच्या जागी दुसरं लिहितात. इनस्क्रिप्टवर फरक फक्त शिफ्टचा आहे: ‘ओ’, ‘जे’, ‘डी’, तिरकी रेघ, ‘ई’ दाबलं की दर्या. ‘जे’ शिफ्टसह दाबलं की दऱ्या. ळ हवा तर शिफ्ट आणि ‘एन’.

वहिनीच्या तमिळ इनस्क्रिप्टमध्येही क त्याच ‘के’च्या कळीवर आहे. भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी मुद्दाम एकसारखी ठेवली आहे. पण तिला ‘तमिळ ९९’ची सवय असेल तर त्यात कळा पूर्ण वेगळ्या आहेत, तोच जोडून द्या. कळांवर चिकटवायच्या अक्षरपट्ट्या आणू नका. एका कळीवर इंग्रजी, देवनागरी, तमिळ आणि उर्दू अशी चार अक्षरं बसली की एकही वाचता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाच्या मांडणीचं चित्र कागदावर छापून शेजारी ठेवा. नाहीतर विंडोजची कळ, कंट्रोल आणि ‘ओ’ एकदम दाबा. स्क्रीनवर कीबोर्ड येतो आणि त्यावर चालू लिपीची अक्षरं दिसतात.

भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार. कुठली भाषा चालू आहे ते घड्याळाशेजारी दिसतं. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले तरी भाषा बदलते, आणि हे हमखास चुकून घडतं. मधेच अक्षरं भलतीच उमटू लागली तर आधी तिथे बघा. तो शॉर्टकट कायमचा बंद करता येतो: ‘टायपिंग’, ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’, ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’, ‘चेंज की सीक्वेन्स’, आणि दोन्हीकडे ‘नॉट असाइन्ड’. प्रत्येकाच्या खात्यात दोनच कीबोर्ड असू द्या, इंग्रजी आणि आपला. पाच ठेवले की स्पेसबार बडवत बसावं लागतं.

पासवर्ड. सगळ्यात जास्त फोन मला यावरूनच येणार आहेत. टाइप केलेलं ठिपक्यांत दिसतं, त्यामुळे कीबोर्ड मराठीत गेलाय हे कळत नाही आणि बरोबर पासवर्डही चूक ठरतो. खिडकीच्या उजव्या टोकाचा डोळा दाबून ठेवा, काय उमटलं ते दिसेल. एकाहून जास्त कीबोर्ड असतील तर लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे चालू भाषाही लिहिलेली असते. भाच्याची गंमत वेगळी आहे. जर्मन कीबोर्डवर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांची अदलाबदल असते आणि चिन्हांच्या जागाही हललेल्या असतात, म्हणून त्याच्या पासवर्डात ही दोन अक्षरं आणि चिन्हं टाळा. चुकलेलं परत घ्यायला कंट्रोल-झेड दाबतानाही त्याला ही अदलाबदल लक्षात ठेवावी लागेल. सगळ्यांनी आकड्यांचा पिन लावला तर हा अर्धा त्रास संपतो.

बाबा, हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. ‘रीजनल फॉरमॅट’ (तारीख-आकडे लिहिण्याची पद्धत) सगळ्या खात्यांत एकच ठेवा, मेनू कुठल्याही भाषेत असोत. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि हजार वेगळे करायला टिंब. १.५०० म्हणजे तिथे दीड हजार, आणि तुमच्या हिशोबाच्या तक्त्यात फक्त दीड. स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली सीएसव्ही फाइल त्या खात्यात उघडली की सगळी ओळ एकाच रकान्यात कोंबली जाते, कारण जर्मन पद्धत तिथे अर्धविराम शोधते. तारखेचंही तसंच. ०३/०४ म्हणजे अमेरिकी पद्धतीत ४ मार्च, आपल्या पद्धतीत ३ एप्रिल. बिघडलेली तारीख दिसायला ठीकच दिसते, म्हणून ती महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यांच्या फाइल्स ठेवायला ‘यूजर्स’मधलं ‘पब्लिक’ फोल्डर वापरा. त्यात फाइल कॉपी करून पेस्ट करा, कट करून नको. हलवलेली फाइल जुन्या मालकाचेच अधिकार सोबत घेऊन येऊ शकते आणि मग दुसऱ्याला उघडत नाही. वहिनीला देवनागरी वाचता येत नाही आणि तुम्हाला तमिळ, म्हणून सामाईक फोल्डरांच्या नावांपुढे इंग्रजी आकडे लावा. ते सगळ्यांना वाचता येतात आणि यादीचा क्रमही स्थिर राहतो. मराठी विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ला वेगळं नाव दिसलं तर ते फक्त पाटीवरचं नाव. डिस्कवर फोल्डर तेच असतं.

आईच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, तिथे मात्र उलट होतं. भाषा मराठी करून परत लॉगिन केलं की तो विचारतो, नेहमीच्या फोल्डरांची नावंही बदलू का? ‘जुनीच ठेवा’ म्हणा. हो म्हटलंत तर फोल्डर खरोखरच बदलतात.

फॉन्टचं एक. उतरवलेल्या फॉन्टवर दोनदा टिचकी मारून ‘इन्स्टॉल’ केलं की तो फक्त त्याच खात्यात बसतो. सगळ्यांना हवा असेल तर फाइलवर उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागेल. जुन्या कागदांत ‘मंगल’ वापरला असेल आणि तो यादीत नसेल, तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट जोडा. सरांना उर्दू नस्तालिक वळणात हवी असेल, तर तिथेच अरबी लिपीचे पूरक फॉन्ट आहेत. बाबांच्या जुन्या फाइल्स उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या आहेत. आत साठवलंय इंग्रजीच, मराठीचा मुखवटा फॉन्ट चढवत होता. तो मूळ फॉन्ट बसवला की वाचता येतील, पण शोधता किंवा दुसरीकडे चिकटवता यायला कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्याव्या लागतील. त्या पुसू नका, मी आले की करते.

उठताना ‘स्विच यूजर’ नको, ‘साइन आउट’ करा. स्विच केलं की आधीच्या माणसाचे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात, मेमरी खातात, आणि त्यानं उघडी ठेवलेली सामाईक फाइल दुसऱ्याला फक्त वाचायला मिळते.

सगळं लावून झालं की प्रत्येकानं आपल्या खात्यात एक फाइल लिहून ‘पब्लिक’मध्ये ठेवायची आणि दुसऱ्याच्या खात्यातून उघडून बघायची. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. फाइल उघडतच नसेल तर अधिकारांची गडबड. काही अडलं तर स्क्रीनचा फोटो पाठवा, आणि घड्याळाशेजारचा भाषेचा कोपरा त्यात येऊ द्या.

तुमची,
लेक