बंद दाराआडची भीती : हेरपट आणि भयपटांविषयी मित्रास पत्र

साकोली तालुका, जि. भंडारा
११ जानेवारी २०२६

प्रिय प्रभाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धानाची मळणी आणि विक्री आटोपेपर्यंत उत्तर लिहायला सवड झाली नाही, पण तुझे म्हणणे डोक्यात घोळत होते. हेरपटांना आता खरे चांगले दिवस आले आहेत आणि भयपट मात्र हसण्याखिदळण्याचा प्रकार होऊन बसला आहे, असे तू ‘धुरंधर’ पाहून आल्यावर लिहिले आहेस. मला हे पटत नाही. गेल्या सात-आठ वर्षांत आपल्याकडे भयपटांनी जी मजल मारली, तिच्या जवळपासही हेरपट पोहोचलेला नाही, आणि त्याचे कारण मला वाटते ते असे की भीती कुठे राहते हे भयपटवाल्यांना कळले आहे, तर हेरपटवाले ते विसरत चालले आहेत.

भीती घरात राहते. बंद दाराआड कोणीतरी वावरते आहे आणि ते केव्हाही उघडकीला येईल, या एका गोष्टीवर हे दोन्ही प्रकार उभे असतात. भयपटात ते कोणीतरी घरच्यांच्या जिवावर उठलेले असते, आणि हेरपटात ते कोणीतरी म्हणजे स्वतः हेर असतो, फरक एवढाच. म्हणून मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (२०१८) मला आजही हिंदीतला सर्वांत चांगला हेरपट वाटतो, आणि तो पाहताना मला भयपट पाहिल्यासारखाच घाम फुटतो. १९७१च्या युद्धाच्या आधीचा काळ, पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात सून होऊन गेलेली भारतीय हेर सहमत, प्रेमळ सासरा, समजूतदार नवरा, आणि तिच्यावर पहिल्या दिवसापासून संशय धरून असलेला जुना नोकर अब्दुल. त्या घरात कोणीही वाईट नाही, हीच त्या चित्रपटाची खरी ताकद आहे. अब्दुलला तिचे बिंग कळते तेव्हा ती जीपखाली त्याला चिरडते, आणि त्यानंतर तिची जी अवस्था होते ती दाखवायला दिग्दर्शिकेने भरपूर वेळ दिला आहे. शेवटी तर ज्यांच्यासाठी तिने हे सारे केले, त्यांनी तिचाही बळी द्यायची तयारी ठेवली होती हे तिला कळते. देशभक्ती आणि पश्चात्ताप एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे सांगण्याचे धैर्य त्यानंतर फार थोड्यांनी दाखवले.

विशाल भारद्वाज यांच्या ‘खुफिया’चे (२०२३) तू नावही काढले नाहीस, याचे मला वाईट वाटले. तो चित्रपट उत्तरार्धात सैल पडतो हे मान्य, पण त्यातला एक भाग तू पाहायलाच हवास. रॉच्या ज्या अधिकाऱ्यावर फितुरीचा संशय आहे, त्याच्या घरात छुपे कॅमेरे बसवले जातात आणि तब्बूने साकारलेली कृष्णा मेहरा पडद्यावर त्या घराचा दिवसभराचा संसार बघत बसते. नवरा कामावर गेल्यावर त्याची बायको एकटीच जुनी हिंदी गाणी लावून नाचते. आपल्याला कोणी बघत नाही अशा समजुतीत मनसोक्त नाचणारी ती बाई, आणि तिला बघताना हळूहळू बदलत जाणारा तब्बूचा चेहरा. एकही गोळी न सुटता, कोणीही न ओरडता, दुसऱ्याच्या घरात डोकावणे किती भयंकर असते हे तेवढ्या दोन-चार मिनिटांत समजते. २००४ साली देशाबाहेर पळून गेलेल्या एका खऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणावर ती कथा आधारलेली आहे, आणि कदाचित म्हणूनच कार्यालयातल्या फायली, झेरॉक्स, कंटाळवाणी वाट पाहणे हे सगळे त्यात खरे वाटते.

‘पठाण’, ‘टायगर ३’, ‘वॉर २’ यांच्याविषयी मला फार लिहायचे नाही. ज्या माणसाला साऱ्या जगाने ओळखावे अशा थाटात तो हेलिकॉप्टरला लटकतो, तो हेर कसा? त्याला उघडकीला येण्याची भीतीच नाही, मग आपण कोणासाठी जीव मुठीत धरून बसायचे?

‘धुरंधर’ मात्र या तिघांच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. आदित्य धर यांनी कराचीतली ल्यारी ही वस्ती ज्या बारकाईने उभी केली आहे, ते पाहून मीही थक्क झालो. परक्या मुलखात आलेला भारतीय हेर हमझा ज्यूसच्या दुकानात कामाला लागतो, आणि फळांचा रस काढणारा तो साधा दुकानदारच त्याचा खरा पाठीराखा असतो, हा सारा भाग मला फार आवडला, कारण हेराचे आयुष्य असेच कुणाच्या नजरेत न भरणारे असणार. अक्षय खन्नाच्या अभिनयाचे तू जे कौतुक लिहिलेस त्यातले अक्षर न् अक्षर मला मान्य आहे. माझी तक्रार पुढे सुरू होते. साडेतीन तासांच्या त्या चित्रपटात जसजसे रक्त वाढत जाते, तसतशी हमझा पकडला जाण्याची भीती ओसरत जाते, आणि शेवटच्या तासात तो हेर न उरता टोळीयुद्धातला आणखी एक लढवय्या होतो. २६/११च्या हल्लेखोरांना सीमेपलीकडून दिल्या जाणाऱ्या सूचनांचे खरे ध्वनिमुद्रण ते जिथे ऐकवतात, तिथे पडद्यावर काहीच नाही, नुसता लाल रंग आणि अक्षरे, आणि तरीही अख्ख्या थिएटरात श्वासाचा आवाज येत नव्हता. एवढी समज असलेल्या दिग्दर्शकाने बाकी ठिकाणी कुऱ्हाडी आणि हातोडे का नाचवावेत, हे मला खरोखरच कळले नाही. मार्चमध्ये दुसरा भाग येणार आहे, तेव्हा बघू.

आता भयपटांकडे येतो, कारण तिथे मला जास्त सांगायचे आहे.

इकडची परिस्थिती तू विसरला नसशील. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीचीच मिळते, आणि उन्हाळी धानाला पाणी द्यायचे तर बॅटरी घेऊन बांधीवर जावेच लागते. जंगलाला लागून शेत असले की वाघाची धास्ती रोजचीच. मध्यंतरी असाच धुऱ्यावर उभा असताना पलीकडच्या झाडीतून चितळ एकदा ओरडले, मग आणखी एकदा, आणि नंतर सगळे शांत झाले. ओरडणे ऐकले तेव्हा मी नुसता सावध झालो होतो. पायातले बळ गेले ते त्यानंतरच्या शांततेत. आपल्या बहुतेक भयपटकारांना या शांततेची किंमत ठाऊक नाही. दार करकरले की ढोल, आरशात सावली दिसली की ढोल. माणूस दचकतो, पण घाबरत नाही.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ही किंमत ठाऊक आहे, आणि याचा मला आपल्या भागाशी संबंध जोडावासा वाटतो. ‘तुंबाड’चे बीज त्यांना सापडले ते आपल्या नागझिऱ्यात! १९९३ साली त्या अभयारण्यात असताना एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक कथा सांगितली, आणि तिथून सुरू झालेला प्रवास २०१८च्या ऑक्टोबरमध्ये चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत चालला. ज्या जंगलात आपण लहानपणी मोहफुले वेचणाऱ्यांच्या मागे मागे फिरलो, तिथेच कोणा पोराला ती गोष्ट झोंबली असेल, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्या चित्रपटात पाऊस थांबत नाही, वाड्यात साखळदंडाने बांधलेली म्हातारी आहे, आणि विहिरीवाटे जमिनीखालच्या गर्भागारात पिठाची बाहुली घेऊन उतरणारा विनायक आहे. त्या गर्भागारातला दैत्य हस्तर दिसतो अगदी थोडा वेळ. खरी भीती वाटते ती विनायकची, कारण मोहरांच्या लोभापायी तो आपल्या लहानग्या मुलालाही त्या विहिरीत उतरायला शिकवतो. १९१८पासून स्वातंत्र्यापर्यंतचा काळ त्यात आहे आणि त्या सगळ्या काळात लोभ बापाकडून मुलाकडे वाड्यासारखाच वारशाने जातो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बेताचेच प्रेक्षक मिळाले. २०२४च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. म्हणजे असे चित्रपट पाहणारे लोक आहेत, त्यांना हिशेबात धरले जात नाही एवढेच.

मल्याळममधला ‘ब्रमयुगम’ (२०२४) तू पाहिला नसशील तर पाहा. संपूर्ण कृष्णधवल, एक पडका वाडा, त्यात फार तर तीन माणसे, आणि वाड्याचा धनी म्हणून मामूटी. वाट चुकलेला एक गरीब गायक आसऱ्याला येतो, त्याला जेवू घातले जाते, आणि मग सोंगट्यांच्या डावात तो आपल्या आयुष्यातला काळच पणाला लावून हरतो. सुटकेचा मार्ग नाही, कारण धनी अत्यंत गोड बोलतो. इकडे मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ साली गेली, पण मालगुजाराच्या वाड्यावर राबलेल्या म्हाताऱ्यांकडून मी जे ऐकले आहे, ते त्या वाड्यात मला जसेच्या तसे दिसले. जेवू घालणाऱ्याच्या अंगणातून उठून जाता येत नाही, याहून मोठी भीती कोणत्या भुताची असते?

‘स्त्री २’ आणि ‘मुंज्या’ यांच्यावर तू राग काढला आहेस, पण मला ते निरुपद्रवी वाटतात. आदित्य सरपोतदार यांनी ‘मुंज्या’त कोकणातला समुद्र आणि पिंपळ फार सुंदर दाखवला आहे. आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकातही भयंकर प्रसंगानंतर लगेच विनोदी पात्र येतेच, आणि रात्रभर बसलेल्या प्रेक्षकाला ते हवेही असते. तेव्हा हसू आणि भीती एकत्र आल्याने काही बिघडत नाही.

मला अस्वस्थ केले ते ‘शैतान’ने (२०२४). अभिनयाच्या दृष्टीने तो चांगलाच आहे. ज्या गुजराती ‘वश’वरून तो घेतला, त्यातल्या कामासाठी जानकी बोडीवाला हिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि हिंदीतही तीच मुलगी तीच भूमिका जीव ओतून करते. परक्या माणसाने खाऊ घातलेल्या घासाने एका घरातली लेक पूर्णपणे त्याच्या ताब्यात जाते, आणि आईबाप नुसते पाहत राहतात. घरात घुसलेली भीती याहून प्रभावीपणे दाखवणे कठीण. पण तो चित्रपट वशीकरण खरे मानून चालतो, आणि मी ज्या प्रदेशात राहतो तिथे ही गोष्ट करमणुकीपुरती राहत नाही. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोलीच्या बाजूला, करणी केल्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायकांना आणि पुरुषांना गावाने मारझोड केल्याच्या बातम्या अजूनही येतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्याला एक तप उलटून गेले. चित्रपटातला मांत्रिक माधवनसारखा देखणा आणि बाहेरून आलेला असतो. खऱ्या गावात संशय येतो तो शेजारच्या एकट्या विधवेवर. असे चित्रपट काढू नयेत असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या दिग्दर्शकाला भीतीची एवढी जाण आहे, त्याने एकदा त्या विधवेच्या घरात कॅमेरा नेऊन ठेवावा, बाहेर जमलेल्या गावाचा आवाज आतून ऐकवावा, आणि दाराची कडी दाखवावी. त्याहून भीषण भयपट होणार नाही.

त्या वाटेवर सर्वांत पुढे गेलेला चित्रपट आपल्याच भाषेत आहे, विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). गरोदर बाई, उसाच्या फडातले एकाकी घर, आणि तिची काळजी घेणारी प्रेमळ म्हातारी. तिथली भुते ज्यांची आहेत, त्यांना कोणी मारले हे कळते तेव्हा भुतांची भीती निघून जाते आणि जिवंत माणसांची सुरू होते. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो चित्रपट खांद्यावर उचलला आहे. उभ्या तुरीत शिरलेल्या कोणालाही विचार, दोन हातांवरचे दिसत नाही अशा पिकात माणसाला काय वाटते. फुरियांनी तो फड अगदी तसाच टिपला आहे. त्यांनीच २०२१ साली हिंदीत ‘छोरी’ केला, तो अधिक खर्चाचा आणि अधिक नेटका आहे, पण मराठीतल्या म्हातारीच्या बोलण्यात जो घरगुती लाघवीपणा होता, तो त्यात उतरला नाही. तू आधी मराठी पाहा, मग हिंदी, आणि दोन्ही पाहून मला सविस्तर लिही.

एक काम सांगतो. धारपांचे कथासंग्रह तिकडे पुण्यात सहज मिळत असतील. जे मिळतील ते दोन-तीन पाठव, पैसे मी लगेच देईन. इथली कॉलेजची पोरे मोबाइलवर ‘तुंबाड’ पाहून मला विचारतात की याचे मूळ कुठे वाचायला मिळेल, आणि त्यांच्या हातात द्यायला माझ्याजवळ एकही प्रत उरलेली नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोरेश्वर